माउंट प्लेझंट: बॅटलीच्या मैदानाविषयी मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
वेस्ट यॉर्कशायरमधील मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सहलीचे ठिकाण ठरवायची वेळ आली की आपल्या मंडळांत दरवर्षी तीच नावे पुढे येतात. हेडिंग्लेवरचा क्रिकेटचा सामना, स्कारबरोचा किनारा, डेल्समधली पायपीट, नाहीतर हॉवर्थ. या यादीत आणखी एका नावाची भर घालावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते नाव म्हणजे बॅटली गावातले माउंट प्लेझंट हे रग्बी लीगचे मैदान. आपल्यापैकी अनेक जण लीड्सहून हडर्सफील्डकडे कामाला जाताना बॅटलीवरून जातात. उतरण्याचे कारण मात्र कोणाला पडत नाही. ही विनंती खाजगी निरोपाने न करता उघडपणे करते आहे, कारण ती एका रविवारच्या करमणुकीपुरती नाही. गिरणीत राबणाऱ्या माणसाला खेळायचा हक्क कसा मिळाला, आणि तो मिळवताना कोणाकोणाशी भांडावे लागले, याचा इतिहास या मैदानाला चिकटलेला आहे. ज्यांच्या आधीच्या पिढीने परळ-लालबागला साचे चालवले, त्यांना तो परका वाटण्याचे कारण नाही. शिवाय ज्या परिसरात आपण घरे घेतली, मुले शाळेत घातली, त्या परिसराचा हा इतिहास आहे, आणि आपण तो जाणून घेतलेला नाही.

बॅटलीचे नाव झाले ते चिंध्यांवर. १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ या इथल्याच माणसाने जुने लोकरी कपडे फाडून, त्यांचे पुन्हा तंतू करून, त्यांत थोडी नवी लोकर मिसळून सूत काढण्याची रीत बसवली. त्या मालाला शॉडी म्हणत. त्यातून निघणारे कापड जाड आणि स्वस्त असे. सैनिकांचे डगले, कामकऱ्यांचे कोट आणि घोंगड्या त्यावर निघत. सगळ्या युरोपातून चिंध्यांचे गठ्ठे रेल्वेने बॅटलीला येत आणि त्यांचे लिलाव होत. स्टेशन रोडवरची दगडी गोदामे आजही त्या भरभराटीची साक्ष देतात. गठ्ठे फुटले की ते बायकांच्या हाती जात. बटणे, हुक, अस्तर आणि शिवणी कापून काढायच्या, मग रंगाप्रमाणे आणि प्रतीप्रमाणे चिंध्या वेगळ्या करायच्या, असे ते काम. कोणाच्या अंगावरून उतरलेला कपडा आहे, कोणत्या रोगराईतून आला आहे, हे विचारण्याची सोय नव्हती. पुढे दातेरी पिंप असलेल्या यंत्रात त्या चिंध्यांचे तंतू होत. कामगार त्या यंत्राला सैतानच म्हणत, आणि त्याच्या धुरळ्याने येणाऱ्या तापालाही शॉडीचेच नाव पडले होते. आज हा धंदा इथे जवळजवळ उरलेला नाही, तो पानिपतला गेला आहे. आपण इथल्या दुकानांना दान म्हणून देतो त्यांतले बरेच लोकरी कपडे शेवटी हरियाणात पोहोचून त्यांच्या घोंगड्या होतात, हे जाता जाता सांगण्याजोगे आहे.

अशा गावात १८८० मध्ये क्रिकेट खेळणाऱ्या मंडळींनी पुढाकार घेऊन क्रिकेट, मैदानी खेळ आणि फुटबॉल यांचा एक संयुक्त क्लब काढला, आणि गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, माउंट प्लेझंट येथे खेळ सुरू झाला. ‘फुटबॉल’ म्हणजे तेव्हा या भागात रग्बीच. सामने शनिवारी दुपारी होत, आणि त्यामागे एक कायदा होता. १८५० च्या कारखाना कायद्याने स्त्रिया आणि किशोरवयीन कामगार यांना शनिवारी दुपारी दोननंतर कामावर ठेवण्यास बंदी केली, आणि त्यांच्याशिवाय गिरणी चालणे शक्य नसल्याने पुरुषांनाही ती दुपार मोकळी मिळाली. मुंबईत याच कारणासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित केले, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मान्य झाली. (भारतातल्या कामगाराचे तास कमी व्हावेत म्हणून त्या काळी लँकेशायरचे गिरणीमालकही आग्रह धरत होते, पण तो कळवळ्याने नव्हे, मुंबईच्या स्वस्त मालाच्या धास्तीने.) माउंट प्लेझंटवर जमणारा बॅटलीचा प्रेक्षक आणि लोखंड्यांच्या सभांना जमणारा मुंबईचा कामगार एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांच्याही आयुष्यात मोकळ्या वेळाची किंमत एकाच पिढीत ठरत होती.

मोकळी दुपार मिळाली तरी पेच सुटला नव्हता. शनिवारी सकाळची पाळी असे, आणि परगावी सामना असला की खेळाडूला ती पाळी सोडून गाडी धरावी लागे. म्हणजे खाडा पडे आणि पगार कापला जाई. मैदानात हाडबिड मोडले तर आठवडेच्या आठवडे घरी बसणे आले. रग्बीचे नियम करणारी संघटना होती लंडनमध्ये, आणि तिच्यावर वर्चस्व होते बड्या निवासी शाळांतून शिकलेल्या सभ्य गृहस्थांचे. खेळ हा हौसेपोटी खेळावा, त्यात एक पैही घेणे म्हणजे तो विटाळणे, अशी त्यांची ठाम समजूत होती. ज्याला वर्षासने आहेत त्याने अशी समजूत बाळगावी यात नवल नाही. पण जो सहा दिवस सैतानासमोर उभा राहतो त्याच्यावर ती लादणे म्हणजे त्याला खेळातून बाहेर काढणेच होते. सप्टेंबर १८९३ मध्ये लंडनच्या सर्वसाधारण सभेत यॉर्कशायरच्या वतीने जेम्स मिलर यांनी ठराव मांडला की खाड्यापोटी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूला मिळावी. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांची बैठक झाली आणि त्यांनी जुन्या संघटनेतून बाहेर पडून नॉर्दर्न युनियन स्थापन केली. आज ज्याला रग्बी लीग म्हणतात तो खेळ त्या संध्याकाळी जन्मला. बॅटलीचा क्लब त्या संस्थापकांमध्ये होता. शेजारच्या ड्यूसबरीच्या क्लबने मात्र त्या दिवशी सामील व्हायला नकार दिला. ही दोन गावे एकमेकांना इतकी खेटून आहेत की कुठले कुठे संपते ते परक्याला कळत नाही, आणि तरीही, किंवा म्हणूनच, त्यांचे कधी जमले नाही. भरपाईची मर्यादा ठरली दिवसाला सहा शिलिंग. त्या सहा शिलिंगांसाठी पुढची शंभर वर्षे दोन खेळांत विस्तव जात नव्हता. नॉर्दर्न युनियनमध्ये पाय टाकणाऱ्याला जुन्या रग्बीची दारे जन्मभरासाठी बंद झाली. ऑगस्ट १९९५ मध्ये त्याच जुन्या रग्बीने स्वतः व्यावसायिकता स्वीकारली, तेव्हा त्या शंभर वर्षांबद्दल कोणाची माफी मागावी असे तिला विशेष वाटलेले दिसले नाही.

इथे भाबडेपणा करून चालणार नाही. १८९५ चा निर्णय कामगारांच्या सभेने घेतलेला नव्हता. क्लब चालवणारे बहुतेक जण कारखानदार, व्यापारी आणि तत्सम मध्यमवर्गीय होते. सामन्यांना गर्दी वाढली होती, तिकिटाचा पैसा येत होता आणि चांगला खेळाडू खाड्याच्या भीतीने घरी बसला तर तो पैसा आटणार होता. १८९८ मध्ये उघड मानधनाला परवानगी दिली तीही अटी घालून: खेळाडूला स्वतःची खरी नोकरी असलीच पाहिजे, आणि दारूच्या गुत्त्यातला वाढपी किंवा बिलियर्ड्सच्या टेबलावर गुण मोजणारा, ही कामे खरी नोकरी म्हणून धरली जाणार नाहीत. मालकाची नजर तिथेही सुटली नव्हती. तरीही परिणाम असा झाला की खेळ मजुरी बुडवून खेळायची गोष्ट राहिली नाही, आणि जे मैदान ही तडजोड पहिल्या दिवसापासून पाहत आले ते आजही जागच्या जागी आहे.

नव्या संघटनेने लगेच चॅलेंज कप नावाची एक मोठी चषक स्पर्धा काढली. ब्रॅडफर्डच्या फॅटोरिनी पेढीने साठ पौंडांत घडवलेला चषक, आणि २४ एप्रिल १८९७ रोजी हेडिंग्लेवर अंतिम सामना. ज्या हेडिंग्लेवर आपण कसोटी पाहायला जातो त्याच आवारातले ते रग्बीचे मैदान. तेरा हजारांहून अधिक लोकांसमोर जॅक गुडॉलच्या नेतृत्वाखाली बॅटलीने सेंट हेलेन्सला १०-३ असे हरवले. पुढच्या वर्षी ब्रॅडफर्डला ७-० आणि १९०१ मध्ये वॉरिंग्टनला ६-०. म्हणजे तीन अंतिम सामन्यांत मिळून या गावाने फक्त तीन गुण दिले, आणि त्यानंतर चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात ते कधीच पोहोचले नाही. गेले तेव्हा जिंकूनच आले, एवढे मात्र बॅटलीकर अजून सांगतात.

आता मैदानाविषयी. माउंट प्लेझंट सपाट नाही. टेकडीच्या अंगावरचे ते एक शेत होते, आणि शेताचा उतार कोणी पुरता मोडला नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जमीन उतरत जाते आणि खालच्या एका कोपऱ्यात तर अशी घसरते की त्या जागेला ‘नाइन होल’ असे स्वतंत्र नाव पडले आहे. नाणेफेक जिंकणाऱ्या कर्णधाराला इथे खरोखर विचार करावा लागतो: पहिला डाव उताराने खेळून आघाडी घ्यायची, की पाय थकलेले असताना शेवटच्या अर्ध्या तासासाठी उतार राखून ठेवायचा. खालच्या दिशेने मारलेली किक सपाट मैदानाच्या हिशेबाने मारली तर चेंडू घरंगळत बाहेर जातो. वरच्या दिशेने मारलेली अपुरी पडते. बाहेरून आलेला संघ पहिला पाव तास हेच शिकण्यात घालवतो. एखादा संघ नाइन होलमध्ये अडकला की वर येण्यासाठी त्याला दर टॅकलमागे, म्हणजे पकडीमागे, दोन-चार पावलेच मिळतात, आणि स्टँडमधल्या लोकांना नेमके काय होणार ते आधीच ठाऊक असते. क्रिकेटच्या खेळपट्टीचे स्वभाव आपण चवीने सांगतो. इथे सबंध मैदानालाच स्वभाव आहे.

खेळ समजायला अवघड जाईल ही शंकाही सोडून द्यावी. प्रत्येक बाजूला तेरा खेळाडू. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून खाली पाडले की त्याने उठून चेंडू पायाने मागे सरकवायचा आणि खेळ लगेच पुढे चालू. सहा वेळा पकड झाली की चेंडू प्रतिपक्षाचा. ज्याने लहानपणी कबड्डी पाहिली आहे त्याला यातली पकड, निसटणे, साखळी करून पुढे सरकणे हे पाच मिनिटांत डोळ्यांना ओळखीचे वाटेल. पूर्वी पंधराजण खेळत. प्रेक्षकांना ढिगाऱ्याऐवजी धाव दिसावी म्हणून १९०६ मध्ये दोन खेळाडू कमी केले गेले आणि उठून चेंडू मागे टाकण्याची पद्धत आली. तिकीट काढून आलेल्या माणसाला काय दिसते, याचा विचार या खेळाने फार लवकर केला.

१९२४ मध्ये बॅटलीने अंतिम सामन्यात विगनला १३-७ असे हरवून लीगचे विजेतेपद मिळवले, आणि १९२५ मध्ये लीड्सविरुद्धच्या चषक सामन्याला माउंट प्लेझंटवर २३,९८९ लोक आले. गावाची वस्तीच तेव्हा चाळीस हजारांच्या आत होती. तो आकडा पुन्हा गाठला गेला नाही आणि आजच्या सुरक्षेच्या नियमांत गाठताही येणार नाही. त्यानंतरची कित्येक दशके तळाजवळच गेली. गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. मधल्या काळात बॅटलीचे नाव जगाला कळले ते भलत्याच कारणाने: १९६७ मध्ये ब्रॅडफर्ड रोडवर बॅटली व्हरायटी क्लब उघडला आणि लुई आर्मस्ट्राँगसारखा गायक या चिंध्यांच्या गावात येऊन गाऊन गेला. १९७८ मध्ये तो बंद पडला. मैदान चालूच राहिले.

याच काळात माउंट प्लेझंटच्या भोवतालची वस्ती बदलली, आणि या भागाविषयी मला आपल्याशी जरा सविस्तर बोलायचे आहे. गिरण्यांना रात्रपाळीसाठी माणसे मिळेनाशी झाली होती. ती आली भारतातून आणि पाकिस्तानातून, आणि बॅटलीत स्थायिक झालेल्या भारतीयांत बहुसंख्य गुजराती मुसलमान होते, सुरत आणि भरूचकडच्या गावांतले. इथली इंडियन मुस्लिम वेल्फेअर सोसायटी १९५७ मध्ये स्थापन झाली. ते साल ध्यानात घ्यावे. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि भरूच हे मुंबई राज्याचेच जिल्हे होते. म्हणजे त्या पहिल्या माणसांच्या कागदांवर जे राज्य लिहिलेले होते, तेच आपल्या आजोबांच्याही कागदांवर होते. आपण मात्र बॅटलीचा उल्लेख निघाला की ‘तो तसला एरिया’ असे म्हणून विषय संपवतो. आपल्यातले बहुतेक जण संगणकाच्या किंवा वैद्यकाच्या नोकरीवर, व्हिसा हाती घेऊन, थेट चांगल्या उपनगरात उतरलो. रात्रपाळी करून ज्यांनी या भागात भारतीय माणसाची वाट पाडली त्यांच्याविषयी असे बोलणे आपल्याला शोभत नाही.

ही पाळी आणि तो खाडा त्यांनाही लागू होता, पण मैदानाशी त्यांचे नाते जुळले नाही. आज मैदानाच्या भिंतीला लागून ज्यांची घरे आहेत त्यांच्यापैकी फार थोडे लोक आत दिसतात. यात दोष एकाच बाजूचा नाही. रात्रपाळीच्या माणसाला शनिवारची दुपार झोपेची होती. मैदानावरची दारू, गोऱ्या घोळक्यात एकटे उभे राहण्याचा संकोच, आणि त्या काळातला उघड वर्णद्वेष, ही सगळीच कारणे होती. हाच खेळ दुसऱ्या काही बाबतींत काळाच्या पुढे होता: १९७२ मध्ये क्लाइव्ह सलिव्हन या कृष्णवर्णीय खेळाडूने ग्रेट ब्रिटनचे नेतृत्व करून विश्वचषक जिंकला, जेव्हा इतर ब्रिटिश खेळांत तसे कोणाच्या मनातही नव्हते. २०१५ मध्ये बॅटलीचाच कर्णधार कीगन हर्स्ट याने आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले; ब्रिटनमधल्या व्यावसायिक रग्बी लीगमधला तसे सांगणारा तो पहिला. दक्षिण आशियाई मुलांच्या बाबतीत मात्र हे दार किलकिलेच राहिले. १९९५ मध्ये इक्रम बट इंग्लंडकडून खेळला, पण त्याच्यामागून रांग लागली नाही.

२०१५ मध्ये जो कॉक्स या इथून खासदार म्हणून निवडून गेल्या तेव्हा पार्लमेंटमधल्या पहिल्याच भाषणात त्यांनी आयरिश कॅथलिक, गुजरातचे मुसलमान आणि काश्मीरकडून आलेले पाकिस्तानी यांनी या गावांत काय भर घातली ते आवर्जून सांगितले होते. पुढच्या वर्षी, १६ जून २०१६ रोजी, शेजारच्या बर्स्टलमध्ये त्यांचा खून झाला. त्या भाषणात जे सांगितले होते त्याचा प्रत्यक्ष व्यवहार व्हायचा तर माणसे एका ठिकाणी जमायला हवीत, आणि बॅटलीत अशी ठिकाणे फारशी नाहीत. मशिदीत सगळे येणार नाहीत, चर्चमध्ये येणार नाहीत, गुत्त्यात तर नाहीच नाही. माउंट प्लेझंट हे तसे ठिकाण होऊ शकते. अजून पुरते झालेले नाही.

होण्याआधी ते उरले पाहिजे, आणि तो प्रश्न काल्पनिक नाही. १९९४-९५ च्या हंगामात बॅटलीने दुसऱ्या विभागात दुसरे स्थान मिळवले. एरवी तेवढ्यावर वरच्या विभागात बढती मिळाली असती. पण त्याच वसंतात माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने दूरचित्रवाणीच्या हक्कांसाठी ८ कोटी ७० लाख पौंड देऊ केले, सुपर लीग नावाची नवी रचना जाहीर झाली, हंगाम हिवाळ्यातून उन्हाळ्यात आला, आणि पहिल्या आलेल्या कीथलीसह बॅटलीचीही बढती हवेत विरली. मैदानात मिळवलेले बैठकीत गेले. आता तर वरच्या विभागात कोण खेळणार हे ठरवण्यासाठी वीस गुणांची प्रतवारी आहे. त्यात प्रेक्षकवर्ग, कामगिरी आणि पैसा यांना बहुतेक गुण आहेत. मैदानाला तीन आणि समाजाला अडीच. मैदानाचे तीन गुण ज्या सोयींवर मिळतात त्या छोट्या गावाच्या क्लबाला परवडण्यासारख्या नाहीत, आणि एकशे चाळीसहून अधिक वर्षे एकाच जागी खेळत राहण्याला त्यात वेगळी किंमत नाही. खेळ चालवायला पैसा लागतो हे मला मान्य आहे, आणि गळक्या छपराखाली प्रेक्षकांनी बसावे असा माझा हट्ट नाही. पण ज्या खेळाचा जन्मच पैसेवाल्यांच्या अटी नाकारण्यातून झाला त्याने स्वतःच्या संस्थापकांना असे मोजावे, हे विसंगत आहे.

इतर मैदानांचे काय झाले ते पाहावे. हॅलिफॅक्सचे थ्रम हॉल गेले, तिथे सुपरमार्केट आहे. विगनचे सेंट्रल पार्क गेले, तिथेही सुपरमार्केट आहे. ओल्डहॅमचे वॉटरशेडिंग्ज, सेंट हेलेन्सचे नोझली रोड, स्विंटनचे स्टेशन रोड यांच्यावर घरे उभी राहिली. हडर्सफील्डचा क्लब १९९२ मध्ये फारटाउन सोडून गेला. १८९५ च्या संस्थापकांपैकी तेव्हाच्याच मैदानावर आज खेळणारे क्लब एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल उभे राहिलेले आपण मुंबईत पाहिले आहेत, त्यामुळे हा क्रम आपल्याला समजावून सांगायला नको.

आणि तरीही बॅटलीचा संघ अधूनमधून मान वर काढतो. २०१० मध्ये ब्लॅकपूलला त्याने विडनेसला २५-२४ असे हरवून नॉर्दर्न रेल कप आणला. २०२२ मध्ये तो दुसऱ्या विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि ली गावाच्या संघाकडून दणदणीत हरला. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या इतिहासात प्रथमच तो वेम्बलीवर उतरला, ती स्पर्धाही १८९५ सालाच्याच नावाची. हॅलिफॅक्सने त्याला १२-१० असे हरवले. दोन गुणांनी. त्याविषयी गावात विचारू नये, लोक फार वेळ सांगत बसतात.

आता विनंती. येत्या हंगामातल्या एका रविवारी आपल्या मंडळांनी मिळून माउंट प्लेझंटवर जावे. समूह मोठा आहे म्हणून फुकट पास मागू नयेत, सवलतीसाठीही घासाघीस करू नये; दारावरच्या तिकिटाचा पैसा हाच या क्लबाचा १८९५ पासूनचा आधार आहे, आणि आपल्याला तो जड नाही. मुलांना बरोबर आणावे, विशेषतः ज्यांचे सगळे शनिवार-रविवार शिकवण्या आणि स्पर्धांत जातात अशांना. आणि हे जास्त महत्त्वाचे: जाण्यापूर्वी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी बॅटलीतल्या गुजराती संस्थांशी बोलून, त्यांच्यातली कुटुंबे बरोबर येतील का, ते विचारावे. गणपतीला आपण इंग्रज शेजाऱ्यांना अगत्याने बोलावतो. या शेजाऱ्यांना कधी बोलावलेले माझ्या पाहण्यात नाही. मैदानाच्या व्यवस्थापनाकडे शाकाहारी आणि हलाल खाण्याची सोय आधी विचारून ठेवावी; दोन-अडीचशे माणसे येणार म्हटल्यावर कोणीही दुकानदार नाही म्हणणार नाही.

एका आक्षेपाचे उत्तर आधीच देते. असे एकदा जाऊन काय होणार, असे काही जण म्हणतील. एकदा जाऊन क्लब वाचणार नाही, हे खरे. पण हंगामाचे पास काढणारी वीस-पंचवीस कुटुंबे त्यातून निघाली तर या आकाराच्या क्लबाच्या हिशेबात ती दिसतात, आणि उद्या मैदानाच्या जमिनीचा प्रश्न पालिकेपुढे आला तर हरकती नोंदवणाऱ्यांत आपलीही नावे असतील. ज्याने सामना पाहिलाच नाही त्याच्या हरकतीला फारसे वजन नसते.

जाण्याच्या दृष्टीने काही सूचना. लीड्सहून हडर्सफील्डच्या थांबत जाणाऱ्या गाडीने बॅटलीला उतरावे. रविवारी या मार्गावर रुळांची कामे अनेकदा चालू असतात आणि गाडीऐवजी बस मिळते, तेव्हा आदल्या दिवशी वेळापत्रक पाहून घ्यावे. स्टेशनपासून मैदान चालत गाठता येते, पण रस्ता सगळा चढाचा आहे, म्हणून ज्येष्ठांसाठी दोन-तीन गाड्यांची सोय करावी. मैदान हेरिटेज रोडवर आहे. टेकडीवर वारा असतो, तेव्हा जुलै असला तरी स्वेटर घ्यावा. यजमान संघाचे रंग गडद गुलाबी आणि बदामी आहेत; पाहुण्यांच्या रंगाचा सदरा चुकून घालून येऊ नये. तारखा जाहीर झाल्या की प्रत्येक मंडळाने आपली सोयीची तारीख महिन्याभरात कळवावी, म्हणजे तिकिटांचे एकत्रित काम मी करीन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
बॅटलीत राहणारी एक मराठी सभासद